‘काव्यफुले’ ते ‘बावन्नकशी’ : सावित्रीबाई फुले यांचे जीवन व काव्य

प्रस्तावना

सावित्रीबाई फुले यांचे नाव घेतले की प्रथम भिडेवाड्यातील शाळा डोळ्यांसमोर येते. अंगावर शेण व चिखल झेलत शाळेत जाणारी शिक्षिका, हीच त्यांची प्रतिमा जनमानसात पक्की झाली आहे. ती खरी आहे, पण अपुरी आहे. १८५४ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांचा ‘काव्यफुले’ हा कवितासंग्रह शिळाप्रेसवर छापला गेला. या सालाचे महत्त्व ध्यानात येण्यासाठी काही साले शेजारी ठेवून पाहावीत. मराठीतील पहिली कादंबरी मानली जाणारी बाबा पद्मनजी यांची ‘यमुनापर्यटन’ १८५७ ची आहे. आधुनिक मराठी कवितेचे प्रवर्तक म्हणून ज्यांचा गौरव होतो त्या केशवसुतांचा जन्म १८६६ चा. ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध १८८२ चा. एवढेच नव्हे, तर जोतिरावांची छापील पुस्तके १८६९ पासून दिसू लागतात. म्हणजे फुले दांपत्यात पुस्तक आधी छापले गेले ते पत्नीचे.

असे असूनही मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या कवयित्रीला दीर्घकाळ स्थान मिळाले नाही. डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेले ‘सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय’ महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९८८ साली प्रसिद्ध केले आणि त्यानंतर त्यांच्या लेखनाकडे अभ्यासकांचे लक्ष वळले. प्रस्तुत लेखात सावित्रीबाईंचे जीवन त्यांच्या स्वतःच्या लेखनाच्या आधारे मांडण्याचा प्रयत्न आहे. दोन काव्यग्रंथ आणि जोतिरावांना लिहिलेली तीन पत्रे ही या मांडणीची मुख्य साधने होत. त्यांची कविता हा शिक्षणकार्याशेजारचा फावल्या वेळचा छंद नव्हता, ती त्या कार्याचेच एक अंग होती, हे यातून स्पष्ट व्हावे अशी अपेक्षा आहे.

नायगाव ते पुणे

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे नेवसे पाटील यांच्या घराण्यात झाला. १८४० साली, वयाच्या नवव्या वर्षी, तेरा वर्षांच्या जोतिरावांशी त्यांचा विवाह झाला. पेशवाई संपून तेव्हा बावीस वर्षे झाली होती. राज्य कंपनी सरकारचे होते, पण पुण्याच्या पेठांतील जीवन जुन्याच रीतीने चालले होते. मुलीने अक्षर गिरवले तर नवरा मरतो, ताटातील अन्नाच्या अळ्या होतात, असे समज सर्रास होते. शूद्र आणि अतिशूद्र मानल्या गेलेल्या समाजातील मुलग्यांनाही शाळेचे दार बंद होते, तेथे मुलींची गोष्ट दूरच.

जोतिरावांचे स्वतःचे शिक्षणही मध्येच थांबले होते. ते पुन्हा सुरू करावे म्हणून त्यांचे वडील गोविंदराव यांचे मन वळवणाऱ्यांत गफार बेग मुनशी या शेजाऱ्यांचे नाव चरित्रकार आदराने घेतात. त्यांच्या जोडीला लिजिट नावाचे एक इंग्रज गृहस्थ होते. एका मुनशींनी एका माळ्याच्या मुलाची बुद्धी ओळखली नसती तर पुढचा इतिहास वेगळा झाला असता, असे म्हणण्यास हरकत नाही.

लग्न झाले तेव्हा सावित्रीबाईंना अक्षरओळख नव्हती. ती जोतिरावांनी करून दिली. पुढे त्यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले. १८४८ साली बुधवार पेठेतील भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या. लोकांच्या दडपणामुळे गोविंदरावांनी १८४९ साली मुलाला व सुनेला घर सोडण्यास सांगितले. त्या काळात त्यांना आसरा देणारे मित्र म्हणून उस्मान शेख यांचे नाव जोतिरावांच्या चरित्रांत येते. पहिली शाळा बंद पडली, पण काम थांबले नाही. ३ जुलै १८५१ रोजी चिपळूणकरांच्या वाड्यात, १७ सप्टेंबर १८५१ रोजी रास्ता पेठेत आणि १५ मार्च १८५२ रोजी वेताळ पेठेत अशा मुलींच्या तीन शाळा उभ्या राहिल्या. फेब्रुवारी १८५३ मध्ये झालेल्या जाहीर परीक्षेस २३७ मुली बसल्या. ‘काव्यफुले’ची कविता या मुलींच्या सहवासात लिहिली गेली आहे.

‘काव्यफुले’चे स्वरूप

‘काव्यफुले’मध्ये लहानमोठ्या एकेचाळीस रचना आहेत. त्यांचे स्थूलमानाने तीन गट पाडता येतील. पहिला गट निसर्गकवितांचा. पिवळा चाफा, जाई, गुलाब यांवर त्यांनी लिहिले आहे. माळी घराण्यात फुलाची पारख घरचीच असते. त्यामुळे या रचनांत रंग, गंध, उमलणे व कोमेजणे यांचे वर्णन पाठांतरातून न येता नजरेतून आले आहे. ‘फुलपाखरू व फुलाची कळी’ ही कविता या गटातील सर्वांत लक्षणीय होय. फुलपाखरू कळीवर लुब्ध होते, तिच्यातील मध घेते आणि नंतर तिला ओळखही न दाखवता उडून जाते. वरवर हे निसर्गचित्र आहे. परंतु स्त्रीच्या वाट्याला येणारी उपेक्षा कवयित्रीने त्यात पुरेशा स्पष्टपणे सुचवली आहे. हीच कवयित्री पुढे फसवल्या गेलेल्या विधवांच्या बाळंतपणाची सोय करणाऱ्या गृहात दाईचे व आईचे काम करते, हे आठवले म्हणजे या कवितेतील कळवळा आगंतुक वाटत नाही.

दुसरा गट सामाजिक कवितांचा आहे. शूद्रांच्या दुखण्याचे मूळ अज्ञानात आहे आणि ते अज्ञान धर्माज्ञेच्या नावाखाली लादले गेले आहे, हा त्यांतील मुख्य विचार. शेती करणारा हीन आणि न करणारा श्रेष्ठ या समजुतीवर त्यांनी टीका केली आहे. आळस, परावलंबन आणि दैवावर हवाला ठेवण्याची सवय यांवरही त्या तितक्याच कडक शब्दांत बोलतात. दोष केवळ दुसऱ्यावर ढकलून मोकळे होणे त्यांना मान्य नाही. आपल्या माणसांना त्या आधी जागे करतात, मग जाब विचारायला शिकवतात.

तिसरा गट थेट वर्गात वापरण्याजोग्या रचनांचा. मुलींशी झालेला पद्यमय संवाद, बालकांना केलेला उपदेश, खेळ व अभ्यास यांविषयीचे प्रश्नोत्तर असे त्यांचे रूप आहे. मुलींसाठी, त्यातही नुकत्या अक्षरओळख झालेल्या मुलींसाठी, त्या काळी वाचायला पुस्तके जवळजवळ नव्हती. शिक्षिकेने ती उणीव स्वतः लिहून भरून काढली. म्हणूनच या कवितेत साधे शब्द, छोटी चरणे आणि ओवी, अभंग यांसारखे ओळखीचे छंद दिसतात. मुक्ताबाई, जनाबाई, बहिणाबाई या संतकवयित्रींची परंपरा मराठीला लाभली होती आणि घरोघरी जात्यावर ओवी गाइली जात होती. ती ओवी सावित्रीबाईंनी शाळेत आणली. जात्यावरची बाई स्वतःचे दुःख स्वतःलाच सांगत असे. शाळेतील ओवी मात्र दुसऱ्या मुलीला उठवण्यासाठी होती, हा फरक महत्त्वाचा आहे.

या शिकवण्याचा परिणाम काय झाला, याचा पुरावा लवकरच मिळतो. ‘काव्यफुले’नंतर दुसऱ्याच वर्षी, १८५५ साली, फुल्यांच्या शाळेतील मुक्ता या मांग समाजातील विद्यार्थिनीचा मांग व महार यांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. ज्या समाजाला अक्षर पाहण्याची मनाई होती त्या समाजातील मुलगी स्वतःच्या लोकांची कैफियत लिहू लागली. शिक्षिकेच्या कवितेवर याहून चांगला अभिप्राय कोणता असू शकेल?

‘इंग्रजी माउली’चा प्रश्न

‘काव्यफुले’मध्ये इंग्रजी शिक्षणाची व इंग्रजी अमलाची स्तुती आहे. ‘इंग्रजी माउली’ या रचनेत मोगलाई गेली, पेशवाई गेली आणि आता ही माउली शूद्रांना हात देण्यास आली आहे, असा आशय येतो. आजच्या वाचकास हे खटकते. परकीय सत्तेला माउली म्हणणे म्हणजे गुलामीचे गुणगान नव्हे काय, असा आक्षेप घेतला जातो. मोगलाईचा उल्लेख वाचून मुस्लिम वाचकाच्या मनातही प्रश्न उभा राहणे स्वाभाविक आहे. त्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. मात्र ही कविता तिच्या काळात ठेवून वाचली पाहिजे.

येथे जुन्या राज्यांचा हिशेब धर्माच्या नावाने मांडलेला नाही. तळच्या माणसाला शिकू दिले की नाही, एवढ्या एकाच मापाने तो मांडला आहे. कवयित्रीच्या दृष्टीने त्या मापाला यापूर्वीची कोणतीच राजवट उतरली नाही, पेशवाई तर मुळीच नाही. इंग्रजी अमलात निदान कायद्याने शाळेचे दार कोणालाही बंद नव्हते. १८५४ सालीच वुडचा खलिता आला आणि स्त्रीशिक्षणास सरकारी उत्तेजन द्यावे असे धोरण प्रथमच ठळकपणे मांडले गेले. त्याआधी १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते जोतिरावांचा सरकारी सत्कार झाला होता. तेविशीतील शिक्षिकेला या राजवटीत आशा दिसली, यात नवल नाही.

परंतु शाळा सरकारने काढल्या नव्हत्या, त्या फुले दांपत्याने व त्यांच्या मित्रांनी काढल्या होत्या, हेही विसरता कामा नये. सरकारी पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणाकडे वाहत राहिला. रयतेच्या करातून आलेला पैसा रयतेच्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणावर खर्च होत नाही, ही तक्रार जोतिरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे लेखी मांडली. तेव्हा ‘माउली’ हा शब्द भाटगिरीचा न मानता अपेक्षेचा मानावा लागतो. आईकडे लेकरू हक्काने मागते. सावित्रीबाईंनी राज्यकर्त्यांकडे शिक्षण मागितले ते याच हक्काने.

तीन पत्रे

सावित्रीबाईंनी जोतिरावांना लिहिलेली तीन पत्रे उपलब्ध आहेत. कवितेत जो विचार सूत्ररूपाने येतो तो या पत्रांत प्रत्यक्ष प्रसंगांतून दिसतो.

पहिले पत्र १० ऑक्टोबर १८५६ चे. आजारपणामुळे त्या नायगावला माहेरी होत्या. तुम्हा नवराबायकोला वाळीत टाकले ते योग्यच झाले, महारामांगांसाठी काम करणे हा कुळाला बट्टा आहे, असे भावाने त्यांना सुनावले. त्यांनी भावाला उत्तर दिले : गाय-शेळी तू मायेने जवळ घेतोस, नागपंचमीला विषारी नागाला दूध पाजतोस, आणि तुझ्यासारख्याच माणसांना मात्र शिवत नाहीस, याचे कारण सांग. भावापाशी उत्तर नव्हते. वाद घालण्याची ही रीत शिक्षिकेची आहे. समोरच्याच्या रोजच्या आचारातला दाखला उचलून त्याच्याच हाती द्यायचा.

दुसरे पत्र २९ ऑगस्ट १८६८ चे, तेही नायगावहूनच. गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि सारजा नावाची अस्पृश्य समाजातील मुलगी यांचे प्रेम जुळले. गावकरी त्या दोघांना मारण्यासाठी निघाले. सावित्रीबाई मध्ये पडल्या. माणसाचा जीव घेतलात तर इंग्रजी कायद्याखाली काय परिणाम होतील, याची त्यांनी जमावाला जाणीव दिली आणि दोघांचे प्राण वाचवले. मग त्यांना पुण्याला जोतिरावांकडे धाडले. चौदा वर्षांपूर्वी कवितेत ‘माउली’ म्हटलेल्या राजवटीचा नेमका कोणता उपयोग त्यांना अभिप्रेत होता, हे या प्रसंगात उघड होते. राजाचे गुण गाण्यापेक्षा त्याचा कायदा दुबळ्याच्या संरक्षणाला लावणे त्यांना अधिक महत्त्वाचे वाटत होते.

तिसरे पत्र २० एप्रिल १८७७ चे, जुन्नर भागातील ओतूर येथून लिहिलेले. दुष्काळाने होरपळलेली जमीन, चाऱ्यापाण्यावाचून मरणारी जनावरे, गाव सोडून जाणारी माणसे आणि या अवस्थेतही पिळणूक करणारे सावकार यांचे वर्णन त्यात आहे. सत्यशोधक समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ रोजी झाली होती आणि त्याचे कार्यकर्ते मदतकार्यात उतरले होते. सावित्रीबाई स्वतः तेथे होत्या. या पत्रात कुठेही हताशपणा नाही, कामाचा तपशील आहे.

पत्रातील फातिमा

१८५६ च्या पत्रातील एक छोटा उल्लेख आपल्या दृष्टीने विशेष मोलाचा आहे. आपण पुण्यात नसल्याने फातिमेला त्रास पडत असेल, तरी ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाचे सावित्रीबाई जोतिरावांना कळवतात. उल्लेख दोन वाक्यांचा, पण त्यातून बरेच कळते. सावित्रीबाई नसताना त्यांच्या कामाचा भार ज्या व्यक्तीवर पडतो ती फातिमा होय. ती हा भार मुकाट्याने उचलील, असा भरवसा सावित्रीबाईंना आहे. हा भरवसा एका दिवसात येत नाही, तो बरोबर काम केल्यानेच येतो. नाव पूर्ण लिहिण्याची गरज पत्रलेखिकेला वाटली नाही, कारण ती घरातलीच व्यक्ती होती.

उस्मान शेख यांची बहीण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फातिमा शेख यांचे नाव गेल्या काही वर्षांत सर्वतोमुखी झाले आहे. ९ जानेवारी हा त्यांचा जन्मदिन म्हणून साजरा होऊ लागला आणि २०२२ साली गूगलने त्या दिवशी त्यांचे चित्र झळकवले. या उत्साहात पुराव्याचा आधार नसलेले अनेक तपशीलही जोडले गेले. त्याची प्रतिक्रिया दुसऱ्या टोकाला गेली. जानेवारी २०२५ मध्ये समाजमाध्यमांवरून असा दावा करण्यात आला की हे पात्रच अलीकडे रचलेले आहे. या दाव्याला उत्तर देण्यासाठी आवाज चढवावा लागत नाही. ‘समग्र वाङ्मय’ १९८८ साली छापले गेले आहे आणि त्यात हे पत्र आहे. समाजमाध्यमे जन्मालाही आली नव्हती तेव्हापासून फातिमा मराठीच्या छापील पानावर उभी आहे.

यातून आपण एक धडा घ्यावा. ज्यांच्याविषयी अभिमान वाटतो त्यांच्या चरित्रात मनाचे रंग भरले की विरोधकाच्या हाती कोलीत मिळते. सहशिक्षिकेने विश्वासाने घेतलेले नाव हा फातिमेच्या कार्याचा पुरेसा आणि भक्कम पुरावा आहे. तो जसा आहे तसा सांगावा.

‘बावन्नकशी सुबोधरत्नाकर’

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतिरावांचे निधन झाले. दत्तकपुत्र यशवंत याने अंत्यविधी करण्यास भाऊबंदांनी हरकत घेतली, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती धरले आणि त्या अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या. त्या काळात स्त्रीने असे करणे अकल्पनीय होते. त्यानंतर त्यांनी ‘बावन्नकशी सुबोधरत्नाकर’ हे काव्य रचले. ते १८९२ साली प्रसिद्ध झाले.

बावन्न कसांना उतरलेले सोने ते बावन्नकशी. या काव्यात कडवीही बावन्नच आहेत. पेशवाई, आंग्लाई आणि जोतिबा अशा क्रमाने ते पुढे जाते. पतीच्या निधनानंतर पत्नीने लिहिलेले काव्य म्हटल्यावर विलापाची अपेक्षा असते. येथे विलाप नाही, इतिहास आहे. शूद्रातिशूद्रांनी व स्त्रियांनी काय सोसले, राज्य बदलल्यावर काय पालटले आणि त्या पालटात एका माणसाने कोणते काम केले, याची ही पद्यबद्ध नोंद होय. तेविसाव्या वर्षी मुलींना ‘शिका’ म्हणून सांगणारी कवयित्री साठीत आल्यावर त्या शिक्षणाचा इतिहास लिहून ठेवते. दोन पुस्तकांमध्ये सुमारे अडतीस वर्षांचे अंतर आहे, पण विषय तोच आहे.

अखेरचा काळ

जोतिरावांच्या मागे सत्यशोधक चळवळीची धुरा सावित्रीबाईंनी वाहिली. १८९३ साली सासवड येथे भरलेल्या सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. १८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले. डॉ. यशवंत यांनी शहराबाहेर रुग्णांसाठी दवाखाना उघडला आणि सावित्रीबाई रुग्णांना तेथे नेऊ लागल्या. मुंढवा येथील गायकवाड यांच्या आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात पोहोचवले. त्यातच त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्या सहासष्ट वर्षांच्या होत्या. २०१४ साली पुणे विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले.

समारोप

सावित्रीबाईंच्या काव्याचे मूल्यमापन करताना त्यातील कल्पनाविलास किंवा अलंकार मोजत बसण्यात अर्थ नाही. काही रचना बोधप्रधान आहेत, काही ठिकाणी छंद अडखळतो, हे मान्य केले तरी त्यांचे मोल कमी होत नाही. वाचकच नसलेल्या काळात त्यांनी आधी वाचक घडवले आणि मग त्यांच्यासाठी कविता लिहिली. मराठीत असे भाग्य दुसऱ्या कवीच्या वाट्याला क्वचितच आले असेल.

आपल्या संस्थांच्या शाळांत ३ जानेवारीला प्रतिमापूजन होते, भाषणे होतात. त्याबरोबर १८५६ चे पत्र मुलींकडून मोठ्याने वाचून घ्यावे आणि उर्दू माध्यमाच्या वर्गांसाठी त्याचा अनुवाद करून द्यावा, असे सुचवावेसे वाटते. भावाला निरुत्तर करणारी सावित्री आणि कुरकुर न करता शाळा सांभाळणारी फातिमा या दोघी त्या एकाच पत्रात भेटतात. घरात ‘आता पुरे झाले शिक्षण’ हे शब्द ऐकावे लागणाऱ्या मुलीला त्या पत्रात आपल्या बाजूने बोलणाऱ्या दोन वडीलधाऱ्या बायका सापडतील.